टीएटीच्या गोष्टींत ताजा प्रसंग किती आणि माणूस किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकमसाठी २३ वर्षांच्या मुलाला टीएटीची (चित्राचं कार्ड बघून गोष्ट सांगायची चाचणी) पहिली १० कार्डं दाखवली. चार दिवसांपूर्वी तो सीए फायनलला नापास झालाय. त्यात संकष्टी, म्हणजे सकाळपासून नुसत्या चहावर. डोंबिवली ते कुर्ला उभ्याने आणि पुढे रिक्षाने कलिना. सहा गोष्टींत अपयश, दोनांत जेवण. रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

'न्यूनगंड' तर लिहूच नका. आधी कार्डागणिक बघा. कार्ड १ (व्हायोलिनसमोर बसलेला मुलगा) आणि कार्ड २ (शेत, हातात पुस्तकं घेतलेली मुलगी) यांवर यश-अपयशाच्या गोष्टी कुणीही सांगतो. ३ बीएमवरची ('बीएम' म्हणजे मुलगे-पुरुषांसाठीचं कार्ड) खचलेली आकृती बघून कुणी आनंदाची गोष्ट सांगत नाही. ७ बीएममध्ये म्हातारा आणि तरुण, म्हणजे बाप-मुलगा आणि करिअर आलंच. ही चार कार्डांचीच ओढ, त्यात नवल नाही. पण कार्ड ५ वर दार उघडून डोकावणारी बाई 'निकाल बघायला आलेली आई' झाली आणि ९ बीएमवर गवतात पहुडलेले चौघे 'परीक्षेत उडालेले मित्र' झाले, तर तिथे चित्राने काही सुचवलेलं नाही, ते मुलाने आणलंय. माझा भर या दोनांवर राहील. अर्थात ते स्वभावातून आलं की चार दिवसांपूर्वीच्या निकालातून, हे एका बैठकीत कळत नाही.

भुकेचं गणित सरळ नाही. ॲटकिन्सन आणि मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये १, ४ आणि १६ तास उपाशी असलेल्या नौसैनिकांकडून गोष्टी लिहून घेतल्या. भूक वाढली तशा अन्न न मिळण्याच्या, ते मिळवण्याच्या धडपडीच्या कल्पना वाढल्या. प्रत्यक्ष जेवल्याची वर्णनं मात्र वाढली नाहीत. तेव्हा त्या दोन गोष्टींत लोक जेवतायत की जेवणासाठी वणवण करतायत, ते परत वाचा. आणि प्रेरणा चाळवली की ती गोष्टीत उतरतेच असंही नाही. क्लार्क या संशोधकाने १९५२ मध्ये विद्यार्थ्यांना नग्न स्त्रियांच्या स्लाइड्स दाखवून वर्गातच गोष्टी लिहायला सांगितल्या, तर लैंगिक आशय उलट घटला. तेच बिअर पार्टीत केलं, तर तो वाढला. समोर कोण बसलंय आणि चाचणी कशासाठी चालली आहे, हेही गोष्टीत शिरतं. एसएसबीच्या (सैन्यातली अधिकारी-निवड, तिथेही चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात) क्लासला जाऊन आलेल्यांच्या प्रत्येक गोष्टीत नायक गाव सुधारून दाखवतो, ते उगाच नाही.

टीएटी बनवणाऱ्या हेन्री मरेच्या १९३३ च्या लेखात आणखी सोपं उदाहरण आहे. खुनाचा खेळ खेळून घाबरलेल्या अकरा वर्षांच्या मुलींना फोटोतले अनोळखी चेहरे आधीपेक्षा दुष्ट वाटले. फोटो तेच होते.

आता करायचं काय? पहिल्या बैठकीच्या नोंदीवर आजच लिहून ठेवा: शेवटचं खाणं किती वाजता, झोप किती तास, गेल्या आठवड्यात काय घडलं, आणि 'ही चाचणी कशासाठी आहे असं वाटतं?' याचं त्याच्याच शब्दांतलं उत्तर. हे खरं तर पहिलं कार्ड दाखवण्याआधी विचारायचं असतं. मग प्रत्येक गोष्टीबद्दल 'हे कुठून सुचलं?' विचारा. ऐकलेलं, वेब सिरीजमध्ये पाहिलेलं, स्वतःवर गुदरलेलं असं वेगळं होत जातं. मध्येच विचारू नका, सगळी कार्डं संपल्यावरच. नाहीतर पुढच्या गोष्टी तो तुमच्या मर्जीने सांगू लागतो.

उरलेली १० कार्डं तीन-चार आठवड्यांनी, उपासाचा दिवस टाळून घ्या. दोन बैठकांत किमान एक दिवस हवा हे मरेनेच सांगितलंय. इथे निकाल ताजा आहे म्हणून जास्त. त्यात कोरं कार्ड १६ येतं, ताजा प्रसंग सगळ्यात सहज तिथे घुसतो. पहिल्यांतली एक-दोन पुन्हा दाखवणार असाल तर 'आधीचीच गोष्ट सांगितली तरी चालेल' हे स्पष्ट म्हणा. नाही म्हटलं तर माणूस नवीन काहीतरी सांगायच्या मागे लागतो आणि तुम्हाला वाटतं स्वभावच बदलला.

तुलना करताना विषय सोडून द्या, विषय सगळ्यात आधी बदलतो. नायक स्वतः काही करतो की कुणीतरी येऊन सोडवतं? मदत मागतो का? शेवट त्याच्या कृतीतून येतो की नशिबाने? यातलं जे दोन्ही बैठकांत टिकलं, तेवढंच स्वभावाच्या परिच्छेदात घ्या. बाकीचं 'चाचणीवेळची परिस्थिती' या मथळ्याखाली जाऊ द्या.

फक्त ३ बीएमबद्दल ही ढील नको. तिथे आत्महत्येची गोष्ट आली असेल तर 'निकाल ताजा आहे म्हणून' असं म्हणून पुढे जाऊ नका, आणि दुसऱ्या बैठकीपर्यंत थांबूही नका. आजच फोन करून 'जगू नये असं मनात येतं का?' हे थेट विचारा, सुपरवायझरला लगेच कळवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मुलाकडे आहे याची खात्री करा.