मराठवाड्यात राहून पीएचडी करायची तर विज्ञानाचा विषय घ्यावा की सामाजिक शास्त्राचा? इकडे संशोधन करण्यासारखं काही आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की लातूरला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे, आणि "इकडं राहून संशोधन होत नसतं, पुणं नाहीतर हैदराबाद गाठ" असं जो तो सांगतो. मलाही सांगितलं होतं. सांगणाऱ्यांपैकी एकानंही कधी संशोधन केलेलं नव्हतं.

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी भूगोल शिकवते. पीएचडी विहिरींच्या पाण्यावर केली, सहा वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष पाण्यात गेलं, ते कसं ते पुढे सांगते.

आधी एक कबूल करते. ज्या कामाला कोट्यवधींचं यंत्र रोज हाताशी लागतं, त्या कामासाठी खुशाल बाहेर जा. त्यात कमीपणा नाही. पण तुमचा प्रश्नच इथल्या मातीतला असेल, तर पुण्यात बसून तुम्ही दर महिन्याला एसटीनं इकडेच याल. नमुना कुरियरनं पुण्याला जातो. विहीर जात नाही.

आता विज्ञान की सामाजिक शास्त्र. तुम्ही लातूरचे, म्हणून तुमच्यापासून तासाभरावर असलेल्या किल्लारीचंच घ्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चारेक मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झालेले. जवळपास दहा हजार माणसं गेली. भूशास्त्रवाल्यांपुढे प्रश्न होता की दख्खनचं पठार तर स्थिर मानलेलं, मग 6.2 चा भूकंप इथे आला कुठून? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं पुढे तिथे खोल छिद्र घेतलं, तेव्हा साधारण 340 मीटरवर काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. आपल्याला वाटतं काळा पाषाण पाताळापर्यंत गेलाय. किल्लारीखाली तो अर्धा किलोमीटरसुद्धा नाही.

पण माणसं भूकंपानं मेली नाहीत, घरांनी मेली. दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यावर माळवद, माळवदावर दरसाल थापलेली माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. हा झाला इंजिनियरचा प्रश्न. मग 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. ओळीत प्लॉट, रुंद रस्ते. गोठा कुठे बांधायचा, शेत किती लांब पडलं, जुन्या गावात कोणती आळी कुणाची होती आणि नव्या गावात शेजार कुणाचा मिळाला, हे समाजशास्त्राचं. एका रात्रीवर तीन विभागांनी तीन इमारतींत बसून प्रबंध लिहावेत इतकं आहे, आणि तिघांनी एकमेकांचं वाचलं नाही तर तिन्ही अर्धवट राहतील. म्हणून विभाग कोणता हे प्रवेशाच्या फॉर्मपुरतं ठरवा. आधी प्रश्न ठरवा.

माझा प्रश्न मला आजीनं दिला. आमच्याकडे म्हातारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "बहात्तरला खायला दाणा नव्हता, पण प्यायला पाणी होतं." 1972 चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला त्यांचं हे वाक्य. आणि 2016 च्या एप्रिलात तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग मधल्या काळात जमिनीखाली झालं काय? एवढंच मला शोधायचं होतं. गाईडनी त्याला 'भूजल पातळीतील स्थलकालिक बदल: एक चिकित्सक अभ्यास' असं नाव लावलं. चिकित्सक नसलेला अभ्यास कसा असतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मांजरेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या खोऱ्यातल्या 36 विहिरी निवडल्या. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या ठरलेल्या विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात. मी दर महिन्याला मोजायचं ठरवलं. साधन म्हणाल तर 30 मीटरचा पोलादी टेप, टोकाला बांधलेलं अर्ध्या किलोचं वजन, आणि खडू. टेपच्या खालच्या दोन हातांना खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. पाण्यात बुडालेला खडू गडद दिसतो. काठावरच्या आकड्यातून ओल्या खडूचा आकडा वजा केला की पाणी किती खोल ते मिळतं. सेंटिमीटरही चुकत नाही. माझी सगळी प्रयोगशाळा शबनम पिशवीत मावायची.

चूक टेपमध्ये नव्हती, माझ्या कानांत होती. बहात्तरला पाणी किती होतं ते मी म्हाताऱ्यांना विचारत होते. उत्तर यायचं 'परस' या जुन्या मापात, म्हणजे माणसाच्या उंचीत: "पाच परस हीर, दोन परस पाणी." मी आपली परस म्हणजे सहा फूट धरून तक्ता भरत गेले. एका पारावर एक आजोबा उठून उभे राहिले, उजवा हात डोक्यावर ताठ केला आणि म्हणाले, "परस म्हंजी असा." बोटांच्या टोकापर्यंत! शेजारच्या गावात हात खाली ठेवून उभ्या माणसाचा परस निघाला. एका परसामागे फूट-दीड फुटाचा फरक, पाच परसाला सहा-सात फूट. बहात्तरचा अख्खा तक्ता फाडला आणि पुन्हा गावोगाव हिंडले. या वेळी प्रत्येकाला उभं करून मोजलं.

त्यानंतर सतरा नंबरची विहीर. एप्रिल महिना, थेंब पाऊस नाही, आजूबाजूच्या विहिरींनी तळ गाठलेला, आणि हिचं पाणी मार्चपेक्षा तीन मीटर वर. मला वाटलं चुकीचा आकडा लिहिला. आठवड्यानं परत गेले, तरी तेच. गाईड खूश झाले. खडकात भेग असेल, लांबून पाणी येत असेल, म्हणाले. त्या भेगेवर मी दीड पान लिहून टाकलं. मालकाला विचारलं तर म्हणाला, "देवाची कृपा."

पुढच्या खेपेला मालक बाजाराला गेलेला. त्याच्या आईनं चहाला बसवलं. बोलता बोलता म्हणाली, "रातच्याला लाईट आली की बोअरचं पाणी हिरीत सोडताव, दिवसा हिरीतनं उसाला देताव. बोअर बारीक चालतंय ना, थेट पुरत न्हाई." भेग वगैरे काही नव्हती. साडेपाचशे फुटांवरचं पाणी वर आणून विहिरीत ओतलं जात होतं आणि मी ते खडू लावून मोजत होते. मालक बोलला नाही, कारण मी त्याला भूजल खात्याची वाटले. शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायला कायद्यानं मनाई आहे, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

मग सगळ्या विहिरींच्या घरी चहाला जाऊ लागले. 36 पैकी 11 विहिरी अशाच निघाल्या. वर्षाच्या आकड्यांवर पाणी फिरलं. गाईड म्हणाले, त्या अकरा काढून टाका, आलेख सरळ येईल. मी काढल्या नाहीत, त्यांचं वेगळं प्रकरण केलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला.

आता सांगा, हे विज्ञान झालं की सामाजिक शास्त्र? मुरमाड काळ्या दगडात शंभर घागरींच्या जागेत दोनेक घागरीच पाणी मावतं, त्यामुळे विहीर मीटरभर खाली गेली तर खरं पाणी गेलं दोनच सेंटिमीटर. हे झालं भूशास्त्र. उसाला वर्षभरात दीड ते अडीच मीटर पाणी लागतं आणि आपल्याकडे पावसाळाभरात पडतं सहा-सातशे मिलिमीटर, ही झाली शेतीची बेरीज-वजाबाकी. आणि हे सगळं माहीत असूनही माणूस ऊस का लावतो, तर उसाला ठरलेला भाव आणि नेणारा कारखाना असतो, सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावानं नेणारा मिळेलच असं नसतं. हे अर्थशास्त्र. या तिन्हींशिवाय आजीच्या वाक्याचा उलगडा होत नाही.

सर्वेक्षण करणार असाल तर एक गोष्ट मनावर घ्या. बीड, धाराशिवकडच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर दिवाळीनंतर कुलपं दिसतात. कोयते उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेले असतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या वहीत ती एकच मोजतात. डिसेंबरात प्रश्नावली घेऊन गेलात तर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली लेकरं भेटतील. त्यावरून 'गावाची सरासरी' काढाल तर ते गाव जगात कुठेच नसेल. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला, तेव्हा बीड जिल्ह्यात 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यांत 13 हजारांवर शस्त्रक्रिया आढळल्या. आकडा डॉक्टरकीचा वाटतो. पण एक दिवस खाडा झाला की दंड, फडात आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर, हे विचारल्याशिवाय तो आकडा नुसता आकडाच राहतो. आणि हे बाईनं बाईला, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारावं लागतं. पहिल्या भेटीत सगळे "चांगलंय" म्हणतात.

"इकडं होत नसतं" म्हणणाऱ्यांना भेंडी खायला घाला. 'परभणी क्रांती' हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला टिकावी म्हणून रानभेंडीच्या एका जातीशी संकर करून ते काढलं. वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेत, हे संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्रज्ञानं आणि पुरातत्त्व खात्यातल्या रसायनतज्ज्ञानं मिळून दाखवलं, 2016 ची गोष्ट. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, तिथे किडीनं जास्त नुकसान केलं. आणि हिंगोलीत औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर बाहूंची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे, 2023 मध्ये केंद्रानं तिला 2600 कोटी मंजूर केले. त्याच हिंगोलीत 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये जमीन हलली. तुम्हाला यात विषय दिसत नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

व्यवहाराचं थोडक्यात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना 37 हजार मिळतात, त्यामुळे विद्यापीठाच्या 'पेट' या पीएचडी प्रवेशपरीक्षेच्या आधी तिकडे जोर लावा. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर तुमच्या विभागाचे जुने प्रबंध उघडा आणि फक्त शेवटचं प्रकरण वाचा. 'शेतकऱ्यांमध्ये जागृती करावी, शासनाने लक्ष द्यावे' एवढंच सापडलं तर पुढचा प्रबंध. गाईड निवडताना त्यांच्या मागच्या विद्यार्थ्याला एकट्याला गाठून चहा पाजा, गाईडनी त्याच्याकडून काय काय करून घेतलं ते कळेल. प्रबंध द्यायच्या आधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट 2022 च्या नियमांत राहिलेली नाही, तेव्हा पैसे घेऊन छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. मी लागले होते. तीन हजार भरले, चार दिवसांत छापून आलं, आणि 'बेसाल्ट'चं सगळीकडे 'बेस सॉल्ट' झालेलं. मिठावर संशोधन केलं का, असं एकानं खरंच विचारलं.

पदवी मिळाल्यावर प्रबंधातले नकाशे मोठे करून मी त्या गावांत घेऊन गेले होते. सतरा नंबरच्या मालकानं नकाशा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मग म्याडम, दुसरं बोअर कुठं घिऊ?" मी म्हटलं, घेऊच नका, खाली पाणी उरलेलं नाही, हे बघा आकडे. त्यानं मान डोलावली. पुढच्या महिन्यात पाणाड्या बोलावला, त्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला तिथे सहाशे फूट घेतलं, आणि दोन इंची पाणी लागलं. मला मुद्दाम फोन करून सांगितलं. गेले, टेप टाकून विहीर मोजली, तारीख लिहिली. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यानं मोटार वर काढली, तेव्हा मात्र फोन आला नाही. महिन्याच्या फेरीला गेले तेव्हा ती गोठ्यात कडब्याशेजारी ठेवलेली दिसली.