जीवाश्म आणि खापरे एकाच खड्ड्यात नकोत

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुराजीवशास्त्र आणि पुरातत्त्व यांचे एकत्र दालन करण्याचा विचार आहे. वाळूच्या एकाच खड्ड्यात डायनोसॉरची हाडे आणि खापरे पुरून ती मुलांना शोधायला लावावीत का?
– एक शिक्षिका

उत्तर : दालन एकत्र असू द्या, खड्डा मात्र एक नको. पक्ष्यांचा अपवाद सोडला तर डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले, तर आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची आहे. दोन्ही एकाच वाळूतून निघाली की माणूस आणि डायनोसॉर एकत्र वावरत होते, असाच मुलांचा समज होतो आणि तो पुढे सहजासहजी जात नाही.

जीवाश्म लोकांच्या हाती देणे तुलनेने सोपे असते. इंग्लंडमधील लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर कड्यातून सुटलेले जीवाश्म समुद्र झिजवून टाकतो, म्हणून तेथे सामान्य लोकांनीही ते नियम पाळून वेचावेत, अशी व्यवस्था आहे. पुरातत्त्वात अशी मोकळीक देता येत नाही. खापर कोणत्या थरात, कोणत्या चुलीशेजारी, कोणत्या कोळशाबरोबर सापडले, यावरच त्याचा अर्थ ठरतो. त्या कोळशावरून सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतचा काळ ठरवता येतो, पण नोंद न करता खापर उचलले की हा संबंध कायमचा तुटतो. (थराची नोंद जीवाश्मांनाही लागते, हे मुलांना जरूर सांगावे.) म्हणून जीवाश्मांच्या टेबलावर दातांच्या प्रतिकृती ठेवून ‘हा प्राणी काय खात असेल?’ असे विचारावे. पुरातत्त्वाच्या खड्ड्यावर मात्र दोऱ्याने चौकोन आखावेत आणि वस्तूची जागा कागदावर उतरवल्याशिवाय ती उचलू देऊ नये. किती वस्तू सापडल्या याची स्पर्धा मुळीच ठेवू नये.

मानवी सांगाडा, अगदी प्रतिकृती असली तरी, मी टाळेन. डायनोसॉरच्या हाडांवर कोणी पूर्वज म्हणून हक्क सांगत नाही, पण माणसाच्या हाडांमागे आजही वंशज असू शकतात. अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने केंद्रीय निधी घेणाऱ्या संग्रहालयांवर मूळनिवासींचे अवशेष त्यांच्या समाजाला परत करण्याची जबाबदारी टाकली आहे.

दोन्ही शास्त्रांची सीमा दाखवायची असेल, तर मधल्या भिंतीवर टांझानियातील लेटोली येथील पाऊलखुणांचे छायाचित्र लावावे. ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या आणि १९७८ मध्ये उजेडात आलेल्या या खुणा सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालणाऱ्यांच्या आहेत आणि त्यांचा अभ्यास दोन्ही बाजूंचे संशोधक करतात.