मध आहे, कागद नाही

(खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात : "जांबोटीच्या बाजूला आमची शेती आहे, सातेरी ह्या देशी मधमाश्यांच्या २२ पेट्या आहेत. लेक बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय. यंदा व्यापाऱ्यानं आमचा मध परत पाठवला, 'पाणी २३ टक्के आहे' म्हणाला. मुंबईचे मेव्हणे म्हणतात, पोरीला एक्सपोर्टचं एमबीए करू द्या, दुबईला मध पाठवू. लेकीला एमएस्सी बॉटनी करायची आहे. तिची आई म्हणते बीएड कर, शिक्षिका हो. पैसे एकदाच घालता येतील. कुठं घालू?")

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा लेकीसाठी आणि एकदा त्या परत आलेल्या मधासाठी. दुसऱ्या वाचनात वाटलं की लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्या परत आलेल्या डब्यांतच आहे. पण आधी मेव्हण्यांचा हिशेब करून टाकू, कारण घरात बहुधा त्यांचाच आवाज मोठा असणार.

२०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १ लाख ७ हजार टन मध परदेशी गेला आणि त्याचे सुमारे १,४७० कोटी रुपये आले. भागाकार करून बघा. किलोला १३६-१३७ रुपये पडतात. तुम्हाला व्यापारी साडेतीनशे देतो, आणि चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला जाणारे गाडीवाले सहाशेनं घेतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग दुबई कशाला? मोठ्या प्रमाणावर बाहेर जाणारा मध बहुतेक उत्तरेतला, मोहरीसारख्या पिकांवरचा, मेलिफेरा ह्या परदेशी जातीच्या माश्यांचा असतो. तो पिंपांतून जातो. एका पिंपात साधारण २९० किलो आणि वीस फुटी कंटेनरात ६४ पिंपं, म्हणजे साडेअठरा टन. आपल्याकडे सातेरीची एक पेटी वर्षाला पाचेक किलो देते असं धरलं, तर एक कंटेनर भरायला ३,७०० पेट्या लागतील. तुमच्या २२ आहेत. एमबीए करून आलेली पोर विकणार काय?

निर्यात होणारच नाही, असं मी म्हणत नाही. परवाने ही त्यातली सोपी बाजू आहे. आयात-निर्यात कोड, अपेडा ह्या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना ही सगळी कामं एखादा सल्लागार पंधरवड्यात मार्गी लावतो. अडतं ते पुढे. पलीकडचा खरीददार विचारतो, हा मध खराच आहे, ह्याच रानातला आहे, ह्याच फुलांचा आहे, हे कशावरून? तुमच्याकडे मध आहे, पण ह्या प्रश्नाचं उत्तर देणारा कागद नाही. तो कागद तयार करू शकणारं माणूस पश्चिम घाटाच्या आपल्या बाजूला शोधून सापडत नाही. तुमच्या लेकीनं ते माणूस व्हावं, एवढंच मला सांगायचं आहे.

ह्या कागदाला इतकी किंमत का आली, तेही सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातल्या १३ ब्रँडांचा मध तपासून घेतला. जर्मनीतल्या एनएमआर चाचणीत त्यांतले ३च टिकले. त्याआधीच, १ ऑगस्ट २०२० पासून, अमेरिकेला जाणाऱ्या मधाला ही चाचणी सक्तीची झाली होती. एनएमआर म्हणजे मधाच्या बोटांचे ठसे घेण्यासारखं आहे. ठसा घेतला की तो संग्रहातल्या अस्सल नमुन्यांशी ताडून बघतात. पण संग्रहात आपल्या रानातल्या सातेरीच्या मधाचे नमुने पुरेसे नसतील तर ताडणार कशाशी? त्यासाठी कुणीतरी खानापूर, जोयडा, चंदगड फिरून, पेटीसमोर उभं राहून, तारखेसह नमुने गोळा करायला हवेत. हे संशोधनाचं काम आहे आणि ते बंगळुरात बसून होत नाही.

आता एक गंमत सांगतो. ऊस गवताच्या जातीचा. त्याच्या साखरेतल्या कार्बनची ठेवण बहुतेक फुलझाडांच्या साखरेपेक्षा वेगळी असते, आणि प्रयोगशाळेत ती ओळखू येते. अशी साखर मधात ७ टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे मध नापास. आता चिकोडी-रायबागकडचा एखादा प्रामाणिक मधपाळ डोळ्यांसमोर आणा. त्यानं मधात एक थेंब पाक घातलेला नाही. पण हंगामात शेजारचं गुऱ्हाळ सुरू होतं, माश्या काहिलीच्या कडेला जाऊन रस चाटतात आणि तोच पोळ्यात आणून भरतात. किंवा पावसाळ्यात वसाहत जगवायला दिलेला साखरेचा पाक पोळ्यात शिल्लक राहतो आणि जानेवारीच्या मधात मिसळतो. मध नापास होतो आणि माणूस चोर ठरतो. उलट तांदळापासून केलेलं सिरप ह्या चाचणीतून खुशाल निसटतं. त्याला पकडायला वेगळ्या चाचण्या लागतात. म्हणून यंत्राचा आकडा वाचता येणारे पुष्कळ असले, तरी गुऱ्हाळ आणि पोळं दोन्ही पाहिलेला तपासनीस मिळत नाही. तुमच्या लेकीनं दोन्ही पाहिलंय. हे तिला कुठल्याही कॉलेजात शिकवणार नाहीत.

तिच्या बॉटनीबद्दलही लिहितो, नाहीतर ती माझ्यावर रागावेल. भारतातल्या मधाच्या मानकात एका झुडपाचं नाव आहे, शास्त्रीय नावानिशी : कारवी. साध्या मधात सुक्रोज, म्हणजे साधी साखर, ५ टक्क्यांपर्यंत चालतं, कारवीच्या मधात १० पर्यंत. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी, कूड घालायला लागते म्हणून आपल्याला माहीत असलेली ही कारवी देशाच्या नियमात शिरली, कारण तिचा मध मुळातच वेगळा असतो हे तपासून दाखवता आलं. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या मधाला स्वतःच्या नावानं विकायचं असेल तर मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजावे लागतात, आणि ते बॉटनीवाल्यांचंच काम आहे.

तरीही एमएस्सी बॉटनी नको, असं मी म्हणतोय. ह्याचं कारण माझीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका हुशार मुलाला मी 'आवडतं ते कर' म्हणून बॉटनीला पाठवलं. पुढे तो एका खासगी प्रयोगशाळेत लागला, तीन वर्षं राबला, आणि फूड अ‍ॅनालिस्टच्या (सरकारमान्य अन्न तपासनिसाच्या) परीक्षेचा अर्ज भरायला बसला तेव्हा कळलं की पात्रतेच्या यादीत त्याची पदवीच नाही. एफएसएसएआयच्या ह्या परीक्षेला साधारणपणे रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न तंत्रज्ञान अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी लागते, शिवाय अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव. वनस्पतिशास्त्र त्यात नाही. यादी मी आधी वाचायला हवी होती. तो मुलगा आजही भेटला की हसतो, पण मला काही हसू येत नाही.

तर पैसे घाला ते एमएस्सी रसायनशास्त्र (विश्लेषण ही शाखा मिळाली तर उत्तम) किंवा अन्न तंत्रज्ञानाला. अन्न तंत्रज्ञानासाठी म्हैसूरच्या सीएफटीआरआयचं, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, नाव मोठं आहे. तिथली प्रवेश परीक्षा अवघड असते, पण तिला एकदा बसू द्या. रसायनशास्त्रासाठी धारवाड आहे, कोल्हापूर आहे. कोल्हापूरला जाणार असाल तर सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का ते बघून, विद्यापीठात सवलतीची चौकशी करा. पुष्कळ पालक विचारतच नाहीत. आणखी एक : कुणी 'धारवाडच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एमएस्सी करा' असं सुचवलं, तर त्याला मुळात कृषी पदवी लागते. साध्या बीएस्सीवर ते दार उघडत नाही. परागकणांचं शिक्षण तिला नंतरही घेता येईल. पुण्याला खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथं प्रशिक्षणं चालतात. बॉटनीची पदवी आणि रसायनाची पदव्युत्तर पदवी अशी जोडी क्वचित दिसते, ती कुठेही उठून दिसेल.

नोकरीचं म्हणाल तर मधावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. सातेरीचं काय होऊ शकतं हे तुमच्या पिढीनं पाहिलंय. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आला, पोळ्यातली पिल्लं पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होऊन मेली आणि दक्षिणेतल्या बहुतेक वसाहती संपल्या. तपासनिसाचं तसं होत नाही. मध नसेल तेव्हा संकेश्वरची मिरची आहे, काजू आहे, गूळ आहे, दूध आहे. पहिली चार-पाच वर्षं पुणे, बंगळूर किंवा आणंदला काढावी लागतील. आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची मध तपासणीची प्रयोगशाळा २०२० पासून आहे. पोरीला एकटीला बाहेर कसं ठेवू, हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो पत्राच्या दोन ओळींच्या मधे मला दिसला. म्हैसूरला ठेवणार असाल तर आणंदलाही ठेवता येईल.

भाषेबद्दल स्पष्ट बोलतो. तिला कन्नड नीट लिहिता-वाचता आलं पाहिजे. इथं मधमाशीपालन फलोत्पादन खात्याकडे, म्हणजे आपण म्हणतो त्या तोटगारिकेकडे आहे. त्यांचे अर्ज, बैठका, योजना सगळं कन्नडमध्ये. महाराष्ट्रात हेच काम खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे असतं आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयातून चालतं. भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव झालं ते त्यांच्याच हातून. सिरसी-जोयड्याच्या मधपाळाशी कन्नडमधून आणि पाटगावच्या मधपाळाशी मराठीतून बोलणारी पोर दोन्हीकडचे नमुने आणू शकेल. सीमावादावर कुणाचं मत काहीही असो, माश्यांना चेकपोस्ट नसतं.

बीएड नंतरही करता येतं, आईंना एवढंच सांगा.

आता तो २३ टक्क्यांचा मध. व्यापाऱ्यानं फसवलेलं नाही. मर्यादा २० टक्क्यांची आहे, आणि घाटमाथ्याच्या दमट हवेत सातेरीच्या मधात पाणी जास्त राहतं. तो आटवायला चुलीवर ठेवू नका. उष्णतेनं एचएमएफ नावाचा घटक वाढतो आणि मध दुसऱ्या चाचणीत अडकतो. माश्यांनी मेणाचं झाकण घातलेलीच पोळी काढा, अर्धी उघडी पोळी आठवडाभर थांबू द्या. रिफ्रॅक्टोमीटर हे खिशात मावणारं साधन आहे, थेंब ठेवला की पाण्याचा टक्का दिसतो. ते एक घ्या आणि लेकीच्या हातात द्या. पाटगावला एकदा दोघं जाऊन या. अरभावीच्या फलोत्पादन महाविद्यालयात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रातही एक फेरी मारा.

सेंद्रिय प्रमाणपत्राचं कुणी सुचवलं तर लगेच पैसे भरू नका, पण वाट मनात ठेवा. युरोपच्या सेंद्रिय नियमात पेट्यांभोवती ३ किलोमीटरपर्यंतची फुलं मुख्यतः सेंद्रिय शेतीतली किंवा आपोआप उगवलेली लागतात. चिकोडीच्या उसात हे जमणं कठीण. जांबोटीच्या रानाला लागून तुमच्या मालकीच्या जमिनीत जमू शकेल. फक्त पेट्या वनखात्याच्या हद्दीत, त्यातही भीमगड अभयारण्यात, सरकू देऊ नका.

निकाल लागेपर्यंत तिला एक काम द्या. २२ पेट्यांवर क्रमांक घालून वही करायची : पाक कधी दिला, कधी बंद केला, आसपास काय फुललं, मध कोणत्या तारखेला काढला, पाणी किती निघालं. फुललेल्या प्रत्येक झाडाचे परागकण काचपट्टीवर घेऊन नाव लिहून ठेवायचे. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक असेपर्यंत हे फुकट होतं. मार्च-एप्रिलला जांभूळ फुलेल, त्याच्या आत पेटीतला पाक संपलेला असू द्या. आणि परत आलेल्या डब्यांतला पावशेर मध वेगळ्या स्वच्छ बाटलीत, तारीख घालून ठेवा. तिच्या संग्रहातला तो पहिला नमुना.