लेकराचे कौतुक आणि नातलगांची मोजपट्टी

अक्षय्य तृतीया झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांना एक ठराविक सूर लागतो. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जमतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात आणि वर्षभर वेगवेगळ्या गावी वाढलेली नातवंडे एका अंगणात येतात. मग कोण चालते, कोणाला किती दात आले, कोण काय बोलते याची उजळणी सुरू होते. या वेळी निवडलेल्या चार पत्रांपैकी दोन अशा अंगणांतून आलेली आहेत आणि उरलेल्या दोहोंचा विषयही लेकराचे कौतुक हाच आहे.

प्रश्न : माझा मुलगा १३ महिन्यांचा आहे. तो धरून उभा राहतो, दिवाणाच्या कडेकडेने चालतो, पण हात सोडत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी ११व्या महिन्यातच चालू लागली. आखाजीला माहेरी सगळ्यांनी तिला अंगणभर चालवून दाखवले आणि माझ्या मुलाला ‘आळशी’ म्हणून हसले. तो कधी रांगलाही नाही. बसल्या बसल्याच सरकत असे. घरी परतल्यावर यजमानांनी वॉकर आणला आहे. मला माझ्या मुलाचे फार कौतुक वाटते, परंतु ते बोलून दाखवायची आता लाज वाटू लागली आहे. (एक आई, भुसावळ)

उत्तर : ताई, लाज वाटावी असे आपल्या पत्रात काहीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतील निरोगी मुलांच्या हालचालींच्या नोंदी ठेवून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारणपणे सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. आपल्या बहिणीची मुलगी आणि आपला मुलगा हे दोघेही एकाच पंगतीत बसले आहेत. तिच्या पानात आधी वाढले गेले, इतकेच. लवकर चालणारे मूल पुढे हुशार निघते, हा समजही आपण माहेरच्या अंगणातच ठेवून यावा. रांगण्याविषयी सांगायचे, तर त्याच अभ्यासातील शंभरापैकी सुमारे चार मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती आणि तरीही यथावकाश चालू लागली. बसून सरकणारी मुले बरेचदा थोडी उशिरा चालतात, हेही डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचे वय जन्मतारखेऐवजी डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे.

‘आळशी’ हा शब्द किती चुकीचा आहे, हे पाहायचे असेल तर एखाद्या दुपारी दिवाणाजवळ जमिनीवर बसा. दिवाणाच्या एका टोकाला पाण्याच्या बाटलीचे झाकण ठेवा आणि गप्प राहा. मुलगा दोन्ही हात चादरीवर ठेवून एक पाय बाजूला टाकेल, दुसरा त्याच्याजवळ ओढेल, मध्येच एक हात सुटेल, पोट दिवाणाला टेकेल, तो क्षणभर थांबेल आणि पुन्हा निघेल. झाकण खाली पडले तर एका हाताने कड धरून तो गुडघे वाकवेल, ते उचलेल आणि त्याच हाताच्या जोरावर वर येईल. यात तोल, पकड, अंतराचा अंदाज आणि पडण्याची भीती गिळणे, इतके सगळे चाललेले असते. पहिले पाऊल पडते तेव्हा घरभर आरडाओरडा होतो, पण त्याआधीचे हे महिनोन्‌महिन्यांचे कष्ट ज्याने पाहिले, त्याचेच कौतुक खरे माहितीचे असते. आपण ते पाहिलेले आहे, हे ‘दिवाणाच्या कडेकडेने’ या आपल्या दोन शब्दांवरूनच कळते. पुढच्या वेळी कोणी विचारले, तर ‘अजून चालत नाही’ असे न म्हणता तो काय करतो, ते मोकळेपणाने सांगा.

वॉकर मात्र आल्या वाटेने परत पाठवावा. त्यात मूल झोळीत बसते, बोटांच्या टोकांनी जमीन ढकलते आणि स्वतःचा तोल सांभाळण्याचे काम त्याला उरतच नाही. शिवाय त्या वेगात ते पायऱ्यांपर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत आपल्या आधी पोहोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. यात्रेत-बाजारात मिळणारा लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा पुष्कळ बरा, कारण तेथे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते; तरी तो उतारावर पळतो, म्हणून मोठे माणूस जवळ हवेच. घरात मुलाला अनवाणी राहू द्या. दीड वर्ष पूर्ण होऊनही तो स्वतंत्र चालला नाही, एकच पाय किंवा हात सतत कमी वापरू लागला, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट करेनासा झाला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. शेवटच्या गोष्टीसाठी दीड वर्षाची वाट पाहू नये. ती कोणत्याही वयात दिसली तरी लगेच जावे.

प्रश्न : माझा नातू अडीच वर्षांचा आहे. मुलगा व सून पुण्यास नोकरीला असतात आणि उन्हाळ्यात त्याला दोन महिने आमच्याकडे ठेवतात. आमच्या घरात अहिराणी चालते. मी शेताकडे निघालो की तो आता ‘बाबा, कथा चालना?’ (बाबा, कुठे निघालात?) असे विचारतो आणि ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढते. सूनबाईंना मात्र चिंता वाटते की, त्याला शिकवलेले इंग्रजी रंग तो विसरत आहे आणि दोन-तीन भाषांच्या गोंधळात त्याचे बोलणे मागे पडेल. व्हिडिओ कॉलवर त्या ‘ब्लू दाखव, नोज दाखव’ म्हणतात, तेव्हा तो फोन उपडा ठेवून निघून जातो. कोणाचे बरोबर? (एक आजोबा, चोपडा तालुका)

उत्तर : आजोबा, मूठभर मांस चढावे असेच ते वाक्य आहे. आपण पायताण शोधता, टोपी घालता, हे त्याने पाहिले. त्यावरून आपण निघालात असा अंदाज बांधला. मग कुठे, हे विचारण्यासाठी योग्य शब्द काढला आणि क्रियापद पुरुषाला उद्देशून वापरले. अडीच वर्षांच्या मुलाने एवढे करणे ही मोठी मजल आहे. रंगांची नावे सांगता येणे चांगलेच, पण ती नावे पाठही होतात. असा प्रश्न पाठ करून नेमक्या वेळी विचारता येत नाही.

दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडते, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. अहिराणी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतले त्याचे शब्द एकत्र मोजावेत. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणे हेही या वयात स्वाभाविक आहे. मोठे होता होता कोणाशी काय बोलायचे, ते मुले आपोआप वेगळे करतात. शहरात गेल्यावर अहिराणी बोलण्याचा संकोच वाटणारी पिढी आपण सर्वांनी पाहिली आहे. या बालकाला तो संकोच अजून माहीत नाही आणि तो त्याला आपल्या घरातून तरी मिळू नये.

सूनबाईंची बाजूही मी घेणार आहे. दोन महिने लेकरापासून दूर असलेल्या आईला फोनच्या पडद्यावर ‘ब्लू’चे उत्तर मिळाले, म्हणजे आपण शिकवलेले, आणि पर्यायाने आपणही, त्याच्या ध्यानात आहोत असा तिला दिलासा मिळतो. तिला दोष देऊ नका. फक्त कॉलची रीत बदला. ती विचारण्याआधी आपणच फोन गोठ्याकडे न्या आणि वासरू दाखवत ‘आईला सांग, याला काय दिलं?’ असे नातवाला म्हणा. तेथे तो बोलेल, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असेल. ‘नोज दाखव’मध्ये सांगण्यासारखे काही नसते, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे, हे मुलांना लवकर कळते आणि मग ती फोन उपडा ठेवतात.

आता थोडे आपल्याविषयी. पारावरची मंडळी घरी आली की ‘म्हण रे, कथा चालना’ असा आग्रह होत असेल, अशी मला दाट शंका आहे. होत असेल, तर तीही परीक्षाच झाली, फक्त अहिराणीतली! पाहुण्यांना त्याचे बोलणे ऐकवायचेच असेल, तर पायताण घालून दाराकडे निघा.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलीने काल पहिल्यांदा ‘शी आली’ असे सांगून भांड्यावर बसून शी केली. मी आनंदाच्या भरात त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. पत्नी रागावली आहे. यात वाईट काय? (एक वडील, धुळे)

उत्तर : आनंद अगदी रास्त आहे आणि पत्नीचा रागही रास्त आहे. बहुतेक मुलांना शी-शू आधी सांगण्याची समज दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते, तेव्हा आपल्या मुलीने घाई केली नाही की उशीरही केला नाही. व्हिडिओ आजच काढून टाका. न्हाताना, कपड्यांविना किंवा भांड्यावर बसलेल्या मुलीचे चित्रण एकदा दुसऱ्याच्या फोनमध्ये गेले की ते परत आणता येत नाही, आणि तिला विचारण्याची सोयही आज नाही. आजीला फोन करून सांगा. आजीला व्हिडिओ लागत नाही. एक मात्र ध्यानात असू द्या : पुढच्या आठवड्यात ती चड्डी ओली करील. त्या वेळी ‘काल तर शहाणी होतीस’ असे म्हणू नका. रात्रीची गादी कोरडी राहण्यास तर आणखी काही वर्षे लागू शकतात.

प्रश्न : मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. एका आईला तिच्या २० महिन्यांच्या मुलीचा फार अभिमान आहे. ‘माझी पोर रडत नाही, कुणाला त्रास देत नाही, कितीही आवाज झाला तरी झोपून राहते,’ असे ती सर्वांना सांगते. मुलगी छान चालते, हाताने जेवते, पण एकही शब्द बोलत नाही आणि मागून हाक मारली तर वळत नाही. आईचा आनंद न मोडता हे कसे सांगावे? (एक सेविका, धडगाव तालुका)

उत्तर : ताई, या वेळच्या पत्रांत सर्वांत तातडीचे पत्र आपले आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्या, हंगामात मुलेबाळे घेऊन कामासाठी परमुलखात जाणाऱ्या आईला शांत मूल हे देवाचे देणे वाटणे साहजिक आहे. तिने मुलीकडे बारकाईने पाहिलेलेही आहे. आवाजाने झोप मोडत नाही, ही तिनेच टिपलेली गोष्ट. तिचा अर्थ तिने एक लावला, आपण दुसरा लावत आहात. वर्षाचे होईपर्यंत मूल बडबडू लागते, बोट दाखवून मागू लागते आणि सोळा महिन्यांपर्यंत काही सुटे शब्द येतात. ते आले नसतील, तर ‘हिचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. मागून हाक मारल्यावर न वळणे ही तर श्रवणतपासणीसाठी पुरेशी खूण आहे.

सांगण्याची सुरुवात तिच्या अभिमानापासूनच करावी. मुलगी स्वतःच्या हाताने किती नीट जेवते, ते आधी बोला. मग निदान न सांगता विचारत जा, आणि तेही त्यांच्या घरच्या बोलीत : हिला पाणी हवे असते तेव्हा ती काय करते? बोट दाखवते की हात धरून ओढते? पाठीमागून बकरी ओरडली तर बघते का? तीन-चार प्रश्नांनंतर आई बहुधा स्वतःच थबकेल. ‘मुकी’, ‘बहिरी’ हे शब्द आपल्या तोंडून किंवा शेजारणींच्या तोंडून तिच्या कानी पडू देऊ नका. तपासणीपूर्वी ते कोणालाच ठाऊक नाही. टाळी किंवा थाळी वाजवून आपणच निकालही लावू नये, कारण ऐकू न येणारे मूलसुद्धा हललेली सावली किंवा जमिनीचा हादरा जाणवून वळते, आणि मग सगळे निर्धास्त होतात.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, हे आपल्याला ठाऊकच आहे. या मुलीसाठी पुढच्या फेरीची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आताच कळवून मुलांमधील असे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या, जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. या कार्यक्रमातील तपासणी व उपचार मोफत असतात. कानाची यंत्राने होणारी तपासणी दुखत नाही आणि झोपलेल्या बाळाचीही करता येते, हे आईला आवर्जून सांगा, कारण सुईची भीती हेच बरेचदा न जाण्याचे कारण असते. वडिलांना आणि आजीलाही सोबत येऊ द्या, म्हणजे परतल्यावर आईला एकटीला सगळ्यांना उत्तरे द्यावी लागणार नाहीत. कुटुंब कामासाठी बाहेर पडणार असेल, तर त्याआधीची तारीख मागून घ्या, ती माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा आणि पथकातील डॉक्टरांचा फोन क्रमांकही त्याच कार्डावर लिहून द्या.