रात्री साडेअकराला फोन कुणाला लावायचा?

ताई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या झोपेच्या तक्रारीसाठी. रात्री दोनतीनदा दचकून जाग यायची, उठून बुकिंगची वही तपासायच्या, फोन वाजला की छातीत धडधड. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून काही नाही म्हणून सांगितलं आणि समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मालवणच्या बाजूला समुद्राकाठी त्यांचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेअकराला एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहिली. एक बुकिंग नवऱ्याने फोनवर घेतलं होतं, दुसरं ताईंनी, आणि वहीत चढलं होतं एकच. एका कुटुंबात तापाने फणफणलेलं लहान मूल. ताईंनी आपली झोपायची खोली रिकामी करून दिली आणि स्वतः सासूबाईंसह पडवीत चटईवर पडल्या. पाहुणे सकाळी खूश होऊन गेले. ताईंची झोप मात्र त्या रात्रीपासून उडाली.

“फोन हातात होता मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण लावायचा कुणाला? माका कोण वळखता?”

पुढे कळलं की दोनशे पावलांवरच्या चुलत जावेच्या होमस्टेमध्ये त्या रात्री एक खोली रिकामी होती. गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, वादावरून दोन्ही घरांत सात वर्षं बोलणं नव्हतं, आणि धंदा एकच म्हटल्यावर तर विषयच संपला.

“मला माणसं जोडता येत नाहीत” हे वाक्य छोटा धंदा करणाऱ्या बायकांकडून मी सतत ऐकते. पर्यटनातल्या बायका त्याला एक जोड देतात, “मला फक्त जेवण करता येतं.” ताई बुजऱ्या आहेत, असं त्यांच्यासकट सगळ्या घराचं मत होतं. मला ते पटेना. अनोळखी माणसांना दर आठवड्याला घरात घेऊन दोन दिवसांत आपलंसं करणारी बाई बुजरी कशी?

म्हणून श्वासाचे व्यायाम, झोपेची वेळ वगैरे नेहमीच्या गोष्टी सुरू केल्यावर मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. डावीकडे अडचण, उजवीकडे फोन कुणाला. पंप बंद पडला. पाहुणा रात्री आजारी पडला. किल्ल्याची होडी हवी. कुडाळ स्टेशनवर रिक्षा पाठवायची आहे. पाहुणे जास्त झाले. उजवीकडे ताई लिहीत गेल्या: ‘हे बघतात’, ‘ह्यांच्या ओळखीचा’, ‘दीर सांगतात’, ‘हे’. डॉक्टरपासून वायरमनपर्यंत सगळी माणसं नवऱ्याच्या फोनमध्ये होती. बोर्डावरचा नंबर त्यांचा, गुगलवरचा त्यांचाच. दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्यालासुद्धा ज्या हातची सोलकढी आठवते, त्या हाताचा नंबर माहीत नव्हता.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढे किनाऱ्याला घरोघरी खोल्या निघाल्या. त्या रस्त्याने जाताना मी आता मुद्दाम पाट्या वाचते. आईचं नाव, लेकीचं नाव, देवीचं नाव ठसठशीत असतं, आणि खाली नंबर बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचा.

ताईंच्या कागदावर एकच ओळ त्यांची स्वतःची निघाली: मासे, मासेवाली आजी.

ही आजी रोज सकाळी अकरा घरं फिरते. कोण किती सुरमई घेतं यावरून कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाची खोली मोकळी आहे, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची बातमी माणसाला जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. मी ते ताईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. “म्हणजे आमची आजी!”

इथे माझी एक चूक झाली. गाडी रुळावर आली असं वाटून मी घाई केली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांना तालुक्याच्या पर्यटन व्यावसायिकांच्या बैठकीला जायला लावलं. साठेक माणसांत बायका चार. ताई मागच्या खुर्चीवर दीड तास बसल्या, चहा घेतला आणि परत आल्या. त्यानंतर दोन भेटी चुकवल्या. तिसऱ्या भेटीला म्हणाल्या, “कुणापुढे हात पसरायचा? मला नाही जमत.” मागणं म्हणजे हात पसरणं, ही खरी गाठ होती, आणि मी ती न सोडवता त्यांना माणसांच्या गर्दीत ढकललं होतं.

गाठ सैल केली ती आजीने. एका शनिवारी ती सहज म्हणाली की पलीकडे जावेकडे सहा माणसं अचानक आली आहेत आणि सुरमई तर संपली. ताईंनी आपल्यासाठी घेतलेल्यातल्या आठ तुकड्या डब्यात घालून आजीच्याच हाती पाठवल्या. निरोप काहीच नाही. दोन दिवसांनी डबा परत आला तो घरच्या आमसुलांनी भरून. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत दोघींनाही ठाऊक होती. ताईंनी तो डबा मला आणून दाखवला. मी विचारलं, “ह्यात हात कुणी पसरला?” त्या बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या.

महिन्याभरात एक जोडपं जावेकडे गेलं, मग दोन मुली तिच्याकडून इकडे आल्या. तेव्हा मी पैशांचा विषय काढला. “घरातल्या घरात पैसे कसले?” असं ताईंचं म्हणणं होतं. माझा अनुभव उलटा आहे. न बोललेला हिशेब मनात चालूच राहतो आणि तिसऱ्या पाहुण्यापाशी कडू होतो. शेवटी दोघींनी ठरवलं: पाठवलेल्या पाहुण्यामागे रात्रीला दोनशे रुपये, रविवारी हिशेब. शिवाय दुसरीचे दर पाहुण्यासमोर काढायचे नाहीत आणि तिचा पाहुणा पुढच्या वेळी परस्पर ओढायचा नाही. हा शेवटचा नियम जावेने सुचवला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नंबरचा प्रश्न जास्त अवघड होता. नवऱ्याला मी एका भेटीला बोलावलं. बायको पुढे जाईल अशी भीती मला अपेक्षित होती. ते म्हणाले, “रात्री-अपरात्री कोण पिऊन फोन करतो, काय बोलतो, तुम्हाला कल्पना नाही.” मला खरंच नव्हती. त्यांची काळजी खोटी नव्हती, म्हणून वाट तिच्यातूनच काढली. ताईंसाठी वेगळं सिम, त्यावर धंद्याचं व्हॉट्सॲप, रात्री नऊनंतर आपोआप जाणारा निरोप आणि त्यात तातडीसाठी नवऱ्याचा नंबर. बोर्डावर आता दोन नंबर आहेत, वरचा ताईंचा. बुकिंगची वही एकच.

त्यानंतर दोघी जावा मिळून बैठकीला गेल्या. ह्या वेळी एक प्रश्न ठरवून नेला होता: कर्ज कुठून मिळेल? उत्तरात त्यांना राज्याचं २०२३ चं ‘आई’ पर्यटन धोरण कळलं. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात तरतूद आहे. ही माहिती गावच्या पुरुषांच्या ग्रुपवर केव्हाच येऊन गेली होती. आणि ताईंच्या होमस्टेची नोंदणी होती नवऱ्याच्या नावावर. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला, आवाज रागाने थरथरत होता. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा तो राग ऐकून मला फार बरं वाटलं.

मे महिन्यात आणखी तिघी सोबत घेऊन दोघी जावा वेंगुर्ल्याला जाऊन आल्या. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात, स्वतः होडी वल्हवतात. परत येताना पाचजणींनी एसटीतच ग्रुप केला. त्याआधी ताई एका मोठ्या ग्रुपमध्ये होत्या, तिथे सुप्रभातच्या फुलांखाली कामाचं काही सापडायचं नाही. ह्या ग्रुपवर रोज सकाळी फक्त आकडा टाकायचा: आज किती खोल्या मोकळ्या. आजीकडे साधा फोन आहे, त्यामुळे तिचा आकडा अजून टोपलीबरोबरच येतो.

नोंदणी नावावर करून घ्यायचे कागद अजून फिरताहेत. रात्री दहानंतर फोन वाजला की ताईंच्या छातीत अजून एक ठोका चुकतो, वही मात्र त्या एकदाच तपासतात. तो पहिला कागद त्यांनी स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर आतून चिकटवला आहे. उजवीकडचे ‘हे’ खोडून तिथे नावं आली आहेत. डॉक्टरांच्या ओळीत अजून ‘हे’ आहे. त्यांना म्हटलं, ते दिवाळीच्या आत करा, सीझन सुरू होईल.