सी/सी++ लायब्ररीच्या हेडर फाइलचं (इतर कोड जी इन्क्लूड करतो त्या डिक्लेरेशनच्या फाइलचं) नाव बदलायचंय, पण ग्राहकांचा जुना कोड तुटता कामा नये. काय करावं?

तुमची लायब्ररी महाप्यात बनते आणि वागळे इस्टेटमधले ग्राहक अजून 'मीटर.एच' इन्क्लूड करतात, तर ती फाइल काढू नका. सगळा मजकूर 'ऊर्जा_मीटर.एच'मध्ये हलवा. जुन्या फाइलमध्ये फक्त नव्या फाइलचा इन्क्लूड आणि एक इशारा ठेवा. मजकुराची कॉपी अजिबात नको, दोन प्रती हळूहळू वेगळ्या होतात.

सगळ्यात जास्त घोळ इन्क्लूड गार्डचा होतो, म्हणजे एकच फाइल दोनदा वाचली जाऊ नये म्हणून तिच्यात लावलेल्या मॅक्रोच्या अटीचा. जुन्या फाइलमध्ये नव्याच गार्डचा मॅक्रो राहिला, तर नवी फाइल आतून रिकामी ठरते आणि 'डिक्लेअर केलेलं नाही' अशा एरर येतात. नावात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असेल, तर ही युक्ती वापरूच नका: विंडोजवर दोन्ही नावं म्हणजे एकच फाइल.

इशाऱ्यासाठी 'वॉर्निंग' डायरेक्टिव्ह सी२३ आणि सी++२३पासून प्रमाणित आहे. जुन्या व्हिज्युअल स्टुडिओसाठी 'प्रॅग्मा मेसेज' घ्या. जीसीसी कंपायलरमध्ये 'डब्ल्यू-एरर' (प्रत्येक इशाऱ्याला एरर मानणारा पर्याय) लावलेल्यांचा बिल्ड मात्र याच इशाऱ्याने थांबतो. म्हणून पहिल्या रिलीजमध्ये इशारा बंदच ठेवा, पुढच्यात चालू करा आणि तो गप्प करणारा मॅक्रोही द्या.

जुनी फाइल सीमेक या बिल्ड टूलच्या इन्स्टॉल यादीत आहे ना, तेवढं बघा.