बॉक्स खाली घ्यायचाय? आधी हे तपासा

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच विषयावरचे आहेत: ट्रॅकवर पळवायच्या गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स. म्हणून पाच प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न: माझी पोलो कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर दुसरा गिअर घेताना करकरते. गॅरेजवाले म्हणतात, बॉक्स उतरवावाच लागेल. उतरवू का? (नाशिक)

उत्तर: लगेच नको. बॉक्स उतरवणं हा शेवटचा उपाय, आणि त्याआधी तपासायच्या गोष्टी तासाभरात होतात.

गाडी गरम असताना, इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. त्यातही करकर आली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये आणि बिचाऱ्या सिंक्रोनायझरवर (गिअर बसताना वेग जुळवणारा भाग) उगाच आळ येतोय. पोलोत क्लचला तेल ब्रेकच्याच डबीतून मिळतं. तुम्ही ते कधी बदललंय? जुन्या तेलात पाणी मुरलेलं असतं. ट्रॅकवर ते तापून उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल पोकळ लागतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक तेल घालून ब्रेक आणि क्लच दोन्हीकडची हवा काढा.

मग खालच्या माउंटिंगचं रबर बघा. ते फाटलं असेल तर जोरात ब्रेक मारताना इंजिन पुढे झुकतं आणि गिअरच्या केबली ओढल्या जातात. हे सगळं ठीक निघालं, रिव्हर्स गुपचूप पडतोय, आणि तरीही फक्त दुसराच गिअर, तोही वरच्या आरपीएमला करकरतोय, तर मात्र त्याची सिंक्रोनायझर रिंग झिजली असं समजा. मग खुशाल उतरवा.

प्रश्न: जुनी मारुती एस्टीम आहे. लिफ्ट नाही, मी आणि भाऊ दोघंच. घरच्या शेडमध्ये बॉक्स काढता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर: येईल. घाई न करता पूर्ण दिवस हाताशी ठेवा. जमीन पक्की, सपाट काँक्रीटची हवी. जॅक फक्त उचलायला. गाडी उभी राहील ती स्टँडवरच, आणि गाडीखाली जाण्याआधी तिला हलवून बघायचं. बेल हाउसिंगसकट (बॉक्सचं इंजिनाला चिकटणारं घंटेसारखं तोंड) बॉक्स बंपरखालून बाहेर निघायला हवा, ती उंची आधीच मोजून घ्या. नाहीतर सगळं सुटल्यावर बॉक्स गाडीखालीच अडकतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार पहिली काढा. ऑइल सोडायच्या आधी भरायचा प्लग सैल करून बघा. तो गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच सोडलेलं असेल, तर पुन्हा भरणार कुठून? हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार. मग क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरचा रॉड, स्टार्टर. ड्राइव्ह शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) बॉक्समधून सुटले की त्यांना तारेने वर बांधा, जॉइंटवर लोंबकळू देऊ नका.

बॉक्सचं माउंटिंग सोडण्याआधी इंजिनाला आधार द्या. ऑइल पॅनखाली रुंद फळी आणि तिच्याखाली जॅक. नुसता जॅक लावलात तर पॅन चेपेल.

आता खरी गोष्ट, वजनाची. बॉक्स तीसेक किलोचा. दोघांना सहज पेलतो, म्हणूनच फसगत होते. माझी पहिली ट्रॅक कार एस्टीमच होती. बॉक्स चढवताना बॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरला, दोन बोटं फट उरली होती आणि हात भरून आले. जॅक नीट न लावता बॉक्स पाचेक मिनिटं तसाच शाफ्टवर लोंबकळत ठेवला. नंतर सगळं बसलं, बोल्ट आवळले, गाडी सुरू झाली, पण क्लच काही केल्या पूर्ण सुटेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं उतरवलं. क्लच प्लेटचा मधला हब वाकला होता. शाफ्टवर ठेवून फिरवली की प्लेटची कड डोळ्यांना दिसेल इतकी डगमगत होती. म्हणून काढताना आणि चढवताना बॉक्सचा भार सतत जॅकवर किंवा हातावर; शाफ्टवर क्षणभरही नाही.

चढवताना शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या खाचांशी जुळेनात तर भावाला क्रँक पुलीचा नट पान्याने केसभर फिरवायला सांगा, इंजिन फिरतं त्याच दिशेने. बॉक्स हाताने ढकलून इंजिनाला चिकटला पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्टनी ओढून घ्यायचा मोह आवरा, अॅल्युमिनियमचे कान तिथेच तुटतात. फट राहते म्हणजे प्लेट मध्यावर नाही, नाहीतर डॉवेल (बॉक्स नेमक्या जागी बसवणारी पिन) वाकडं बसलंय.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, गिअर ऑइलमध्ये जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा भारी, तेच टाका. (ठाणे)

उत्तर: नाही. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं मागच्या डिफरन्शिअलच्या हायपॉइड (एकमेकांवर घासत फिरणाऱ्या) दात्यांसाठी असतात. काही तेलांतली ती पितळी सिंक्रोनायझर रिंगला खातात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जो ग्रेड दिलाय तोच घाला. फक्त बॉक्समध्ये प्लेटवालं एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल) बसवलेलं असेल, तर ऑइल ते एलएसडी बनवणाऱ्याने सांगितलेलं.

प्रश्न: पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेऊन ब्रँड्स हॅचला ट्रॅक डेला जातो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गाडीतून बॉक्स काढताना काय वेगळं? (ब्रिस्टल, इंग्लंड)

उत्तर: तुमच्या गाडीत बॉक्स आणि डिफरन्शिअल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट आहे, पॉवर प्लांट फ्रेम. बॉक्सचं शेपूट तीच धरून ठेवते, वेगळं क्रॉसमेंबर (आडवा आधार) नाही. म्हणजे फ्रेम सुटायच्या आधी बॉक्सखाली जॅक हवाच. ती काढण्यापूर्वी तिची उंची मोजून लिहून ठेवा. परत बसवताना कोन चुकला तर प्रॉपशाफ्ट (बॉक्सकडून डिफरन्शिअलकडे जाणारा लांब दांडा) थरथरतो. प्रॉपशाफ्टच्या फ्लँजवरही खूण करा. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट शेपूट खाली झुकवून, मागून लांब एक्स्टेन्शन घालून निघतात. आणि गिअर लीव्हरच्या बुडाशी वेगळं थोडं ऑइल असतं, ते बहुतेक जण विसरतात. लीव्हर बाहेर आहेच, तर तिथलं रबरही बदला.

प्रश्न: एस्टीममध्ये बॉक्स परत बसवला, पण स्टार्टर जेमतेम फिरतो आणि अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते. (सांगली)

उत्तर: ताबडतोब थांबा, बॅटरी सुटी करा. बॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी लावायची राहिली आहे, किंवा रंगावर, गंजावर आवळली आहे. स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत त्या बारीक केबलमधून जातोय. केबल आतून जळली तर थ्रॉटल उघडा अडकू शकतो, आणि तो ट्रॅकवर अडकला तर काय होईल ते सांगायला नको. पट्टीखालची जागा चकचकीत घासून आवळा, आणि अॅक्सिलरेटरची केबल आता चालतेय असं वाटलं तरी नवीनच टाका. जाता जाता क्लचची केबलही हाताने चाचपून बघा, तीही तापली असेल तर तिचंही तेच.